बर्लिनची आल्टे नात्सिओनालगॅलरी: आधी सर्वांत वरचा मजला, बाकीचं नंतर

कास्पार डाविड फ्रीडरिश या रोमँटिक चळवळीतल्या जर्मन चित्रकाराची निसर्गचित्रं पाहायला बर्लिन गाठणाऱ्यांची एक फसगत ठरलेली असते. धुक्याच्या समुद्राकडे पाहत खडकावर पाठमोरा उभा असलेला त्याचा तो प्रसिद्ध माणूस इथल्या आल्टे नात्सिओनालगॅलरी या संग्रहालयात नाही. तो हॅम्बर्गच्या कुन्स्टहालेत आहे, आणि बर्फाच्या थरांखाली चिरडलेल्या जहाजाचं चित्रही तिथेच आहे. र‍्यूगेन बेटावरचे पांढरे कडे स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला आहेत, तर डोंगरमाथ्यावरचा क्रूस ड्रेस्डेनला. एवढं सगळं बाहेर असूनही फ्रीडरिश पाहायला पहिल्यांदा कुठे जावं, याचं उत्तर बर्लिनच. ‘जर्मन निसर्ग’ नावाची गोष्ट चित्रकारांनी कशी जुळवली आणि राज्यकर्त्यांनी ती पुढे कशी वापरली, हे एकाच छपराखाली इतकं उघड दिसेल अशी दुसरी जागा सापडणं कठीण. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण का कापला, ते पुढे येईलच.

आत शिरण्याआधी थोडं मागे सरकून इमारत पाहा. उंच चौथऱ्यावर कोरिंथियन खांबांचं ग्रीक देऊळ उभं आहे आणि दर्शनी भागावर कोरलेलं आहे ‘डेर डॉयचेन कुन्स्ट’, म्हणजे ‘जर्मन कलेस’. सोबत रोमन अंकांत १८७१. इमारत खुली झाली १८७६ साली. १८७१ हे जर्मन साम्राज्याच्या स्थापनेचं वर्ष. देवळावर तारीख घातली ती देशाच्या जन्माची. आराखडा फ्रीडरिश आउगुस्ट श्ट्यूलरचा. त्याच्या मृत्यूनंतर योहान हाइनरिश श्ट्राकने काम पूर्ण केलं. जिन्यापुढे घोड्यावर बसलेला पुतळा प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याचा. वास्तूची मूळ कल्पना त्याची. संग्रहाची सुरुवात मात्र एका बँकरच्या घरातून झाली. योआखिम हाइनरिश विल्हेल्म वागेनर याने १८६१ साली मृत्युपत्रातून २६२ चित्रं प्रशियाच्या राजाला दिली. ती एकत्र ठेवून लोकांना दाखवावीत, अशी त्याची इच्छा होती. गंमत अशी की ‘राष्ट्रीय’ म्हणून सुरू झालेल्या या संग्रहालयाचं राष्ट्र त्या वेळी नकाशावर नव्हतंच.

ज्याला सर्वांत ‘जर्मन’ चित्रकार म्हणतात, त्याचंही तेच. फ्रीडरिश १७७४ साली ग्राइफ्सवाल्डला जन्मला तेव्हा ते गाव स्वीडनच्या अमलाखालच्या पोमेरेनियात होतं. कलेचं शिक्षण कोपनहेगनला झालं आणि १७९८ पासून मुक्काम सॅक्सनीच्या ड्रेस्डेनमध्ये. १८४० साली तो वारला, तेव्हा साम्राज्याला अजून एकतीस वर्षं अवकाश होता. हे डोक्यात ठेवूनच वर चढा, कारण वरच्या दालनांत जे ‘राष्ट्रीय’ दिसतं ते इच्छेच्या आणि आठवणीच्या रूपातलं आहे. सीमा, झेंडा आणि सैन्य खूप नंतर आलं.

बहुतेक पाहुणे खालून वर जातात आणि तिथेच चुकतात. खालच्या मजल्यावर जर्मन चित्रकार मेन्त्सेल आहे, मधल्या मजल्यावर फ्रेंच चित्रकार माने आणि शिल्पकार रोदँ. तिथेच दीड तास जातो, पाय दुखायला लागतात, आणि सर्वांत वरच्या मजल्यावरच्या शांत, कमी रंगांच्या चित्रांसाठी डोळ्यांत ताकद उरत नाही. म्हणून लिफ्टने थेट वर जावं. फ्रीडरिश आणि त्याचा समकालीन शिंकेल यांच्यासाठीची दालनं नूतनीकरणात वरच्या मजल्यावर नव्याने काढली. २००१ च्या अखेरीस इमारत पुन्हा खुली झाली तेव्हापासून ती आहेत. तास-सव्वा तास इथे द्यावा आणि उरलेला वेळ खाली उतरताना वापरावा.

सुरुवात जोडचित्रांपासून. ‘समुद्राकाठचा मठवासी’ (११० × १७१.५ सेंमी) आणि ‘ओकवनातला मठ’ (जवळपास त्याच मापाचं) ही दोन्ही १८०८ ते १८१० या काळातली. १८१० मध्ये बर्लिनच्या अकादमीच्या प्रदर्शनात ती एकावर एक टांगली होती, मठवासी वर आणि मठ खाली. दोन्ही प्रशियाच्या राजाने विकत घेतली, तीही पंधरा वर्षांच्या युवराजाच्या आग्रहावरून. बाहेर घोड्यावर बसलाय तो हाच युवराज.

मठवाश्याच्या चित्रासमोर आधी तीनेक मीटरवर उभं राहा. चित्राचा सुमारे पाच-षष्ठांश भाग नुसतं आकाश आहे. खाली काळसर समुद्राची पट्टी, त्याखाली फिकट वाळू आणि त्यावर एक इवलासा माणूस. मग जवळ जाऊन पाण्याजवळ उडणारे पांढरे पक्षी शोधा. लांबून ते हटकून सुटतात. इन्फ्रारेड तपासणीत असं दिसलं की फ्रीडरिशने समुद्रावर आधी जहाजं आखली होती आणि नंतर ती काढून टाकली. चित्र रिकामं राहिलेलं नाही, ते रिकामं केलेलं आहे. डोळा टेकवायला एकही शीड ठेवलं नाही, म्हणून तर हे चित्र पाहताना पापण्या कापून टाकल्यासारखं वाटतं असं लेखक क्लाइस्टने १८१० मध्येच बर्लिनच्या वर्तमानपत्रात लिहिलं. दोन शतकांनंतरही या चित्राविषयी याहून नेमकं काही वाचायला मिळत नाही.

शेजारच्या मठाच्या चित्रात बर्फ, उघडी ओकची झाडं, टोकदार कमानीची गॉथिक खिडकी असलेली एकच उभी भिंत आणि दारातून शवपेटी घेऊन जाणारे साधू. भिंत ग्राइफ्सवाल्डजवळच्या एल्डेना इथल्या सिस्टर्शियन पंथाच्या मठाची, झाडं मात्र वेगळ्या रेखाटनांतून आणलेली. १८०६ साली येना इथे प्रशियाचा नेपोलियनकडून पराभव झाला होता. चित्र काढलं तेव्हा फ्रेंच वर्चस्व टिपेला होतं आणि फ्रीडरिश राहत होता तो सॅक्सनी नेपोलियनच्याच बाजूने लढत होता. गॉथिक ही ‘जर्मन शैली’ आहे असं त्या पिढीने पक्कं मानलं होतं. ती मुळात फ्रान्समध्ये उगवली, हे त्यांच्या गावी नव्हतं. या संदर्भात मोडकं गॉथिक दार आणि उभे ओक पाहिले की चित्राचा एक राजकीय अर्थ लागतो. पण ते दार साधू ओलांडत आहेत, क्रूसाशी दोन दिवे जळताहेत, आणि वरचं आकाश उजळलेलं आहे. धार्मिक वाचन तितकंच भक्कम आहे. दोहोंपैकी एकच खरं असं छातीठोकपणे सांगणाऱ्या मार्गदर्शकापासून चार हात लांब राहावं.

या दोन्ही चित्रांवर २०१३ पासून जवळपास तीन वर्षं काम चाललं आणि २०१६ च्या सुरुवातीला ती परत भिंतीवर आली. पिवळं पडलेलं जुनं वॉर्निश उतरल्यामुळे आकाशातला निळा-करडा रंग वर आला. परिणाम असा की जुन्या पुस्तकांतली छपाई आणि समोरचं चित्र जुळत नाही. घरून चित्रांचा अभ्यास करून आलेल्यांचा इथे गोंधळ होतो. चूक छपाईची नाही; ती छायाचित्रं सफाईच्या आधीची आहेत, इतकंच.

आता ज्या चित्रासाठी या दालनात सर्वांत जास्त वेळ काढावा ते, ‘वाट्समान’, १८२४-२५, १३५ × १७० सेंमी. बव्हेरियातल्या बेर्ख्टेसगाडेनजवळचं हे २,७१३ मीटर उंचीचं शिखर. फ्रीडरिशने ते आयुष्यात कधी पाहिलं नाही. तो आल्प्समध्ये गेलाच नव्हता. शिखराचा आकार त्याने आउगुस्ट हाइनरिश या तरुण शिष्याच्या जलरंगातल्या अभ्यासावरून उचलला. हाइनरिश १८२२ मध्येच वारला होता. पुढ्यातला मोठा खडक १८११ च्या सफरीत काढलेल्या रेखाटनातला, हार्त्स पर्वतातला. हार्त्स उत्तरेकडे, वाट्समान दक्षिणेच्या टोकाला. मध्ये शेकडो किलोमीटर. दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथे तर न पाहिलेला डोंगर साजरा करून मांडलाय.

आणि तो का जमतो, हे तांत्रिक अंगाने पाहण्यासारखं आहे. पुढचा खडक उबदार तपकिरी-हिरवा, मधल्या टेकड्या थंड होत गेलेल्या, आणि शेवटी एकदम स्वच्छ पांढरं शिखर. थर एकमेकांना मागून झाकतात, पण खडकातून शिखराकडे जाणारी वाट कुठेच दाखवलेली नाही. माणूस नाही, झोपडी नाही, जनावर नाही. त्यामुळे मोजमाप हरवतं. पुढचा खडक दहा मीटरचा की पन्नासचा हे कळत नाही, आणि जोड उघडा पडत नाही. याच डोंगराचं लुडविग रिश्टरचं चित्र १८२४ मध्ये ड्रेस्डेनच्या प्रदर्शनात लागलं होतं. त्यात धबधबा आणि झाडी खच्चून भरली आहे. फ्रीडरिशचं चित्र त्याला दिलेलं उत्तर मानलं जातं. रिश्टर स्वतः तिकडे जाऊन आला होता, आणि तरीही आज ‘जर्मन आल्प्स’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फ्रीडरिशचं न पाहिलेलं शिखर येतं. निसर्गचित्रातून राष्ट्र कसं जुळवलं जातं याचं याहून नेटकं उदाहरण मिळणार नाही. उत्तरेचा खडक आणि दक्षिणेचं शिखर एका चौकटीत बसले, तेही राजकारण्यांच्या कितीतरी आधी.

अर्धा गुण कापला तो इथे. चित्राशेजारच्या छोट्या पाटीवर हा सगळा जुगाड मावत नाही, आणि तो ठाऊक नसेल तर पाहणारा फक्त ‘सुंदर डोंगर’ पाहून पुढे जातो. शिवाय या चित्राची दुसरी कहाणी आहे. १९३७ साली मार्टिन ब्रुन या ज्यू संग्राहकाकडून ते संग्रहालयाकडे आलं. नाझी राजवटीतून कुटुंबाला बाहेर काढण्यासाठी त्याला ते विकावं लागलं होतं. २००२ मध्ये ते वारसांना परत दिलं गेलं. नंतर डेकाबँकेने ते विकत घेऊन याच भिंतीसाठी कायमचं उसनं दिलं. ‘राष्ट्रीय ठेवा’ हा शब्द या चित्रापुढे जपूनच वापरावा लागतो.

लहान चित्रांकडे कोणी फारसं थांबत नाही. ‘एकाकी झाड’ (१८२२, ५५ × ७१ सेंमी) वागेनरने स्वतः सांगून करून घेतलेलं, त्याच्या २६२ मधलं. मधोमध ओक, शेंडा वाळलेला, खालच्या फांद्या हिरव्या. बुंध्याला टेकलेला मेंढपाळ. ओक म्हणजे जर्मन चिवटपणा, असं समीकरण त्या काळात रूढ होतं, पण इथला ओक घायाळ आहे, हे विसरू नका. त्याची जोडी ‘समुद्रावरचा चंद्रोदय’ जवळच असते. दोन्ही एकत्र पाहावीत, सकाळ आणि संध्याकाळ अशी. ‘खिडकीतली बाई’ सुंदर आहे, आपल्या विषयाशी तिचा फारसा संबंध नाही.

‘चंद्र पाहणारे स्त्री-पुरुष’ (१८२४ च्या सुमाराचं, ३४ × ४४ सेंमी) मात्र सोडू नका. पुरुषाच्या अंगावरचा झगा आणि डोक्यावरची मऊ टोपी म्हणजे तेव्हाचा ‘जुना जर्मन पेहराव’. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत तो देशभक्तांची खूण बनला. पुढे १८१९ च्या कार्ल्सबाड हुकमांनंतर एकीकरण आणि स्वातंत्र्य मागणाऱ्यांची धरपकड सुरू झाली, तेव्हा हाच पोशाख संशयास्पद ठरला. याच कल्पनेचं आधीचं, दोन पुरुषांचं चित्र ड्रेस्डेनला आहे. ते पाहायला आलेल्यांना फ्रीडरिशने, हे दोघं सरकारविरोधी कारस्थानं करताहेत, असा टोमणा मारल्याची नोंद आहे. चंद्र पाहणारी माणसं निरुपद्रवी दिसतात, आणि त्या दिवसांत तेच सोयीचं होतं.

शिंकेलच्या दालनात हवा बदलते. तो मुळात वास्तुकार, त्यामुळे त्याच्या निसर्गात इमारत राजा असते. ‘नदीकाठचं मध्ययुगीन शहर’ (१८१५) या चित्रात वादळ सरतंय, इंद्रधनुष्य उमटलंय, एक राजपुरुष लवाजम्यासह शहरात परततोय, आणि मागच्या प्रचंड कथीड्रलचा एक मनोरा अजून अर्धवट आहे. नेपोलियनवर विजय मिळवून राजा परतला, त्यानंतरच्या वर्षातलं हे चित्र. अपुरा मनोरा म्हणजे अपुरं राष्ट्र, हा अर्थ लपवायचा प्रयत्नच नाही. फ्रीडरिशच्या मानाने ते जरा भाषणासारखं वाटतं, पण त्याच्या मोडक्या मठानंतर लगेच पाहिलं तर पाच-सहा वर्षांत मनःस्थिती किती पालटली ते कळतं. प्रत्यक्षातही तसंच घडलं: शतकानुशतकं रखडलेलं कोलोनचं कथीड्रल १८४२ मध्ये पुन्हा हाती घेऊन १८८० साली पूर्ण केलं, राष्ट्रीय कार्य म्हणून.

उतरण्याआधी कार्ल ब्लेशेनचं ‘नॉयश्टाट-एबर्सवाल्डचा लोखंड कारखाना’ हे १८३० च्या सुमाराचं छोटं चित्र शोधा. झाडी, पाणी, मासेमार, आणि मधोमध धूर ओकणारी धुराडी. ‘जर्मन निसर्ग’ या शब्दाला याच मजल्यावर टाचणी लागते. खाली मेन्त्सेलचं ‘लोखंडाची गिरणी’ (१८७२-७५) पाहिलं की तो धागा पूर्ण होतो. मधल्या मजल्यावरच्या फ्रेंच चित्रांबद्दल एवढंच सांगायचं, की ‘जर्मन कलेस’ असं कोरलेल्या इमारतीत हूगो फॉन चूडी या संचालकाने १८९६ पासून माने आणि मंडळी आणली, सम्राट दुसरा विल्हेल्म संतापला, आणि १९०९ मध्ये चूडीला जावं लागलं.

पण त्याच चूडीच्या काळात, १९०६ मध्ये, इथे जर्मन कलेच्या शंभर वर्षांचं मोठं प्रदर्शन झालं आणि जवळजवळ विस्मृतीत गेलेला फ्रीडरिश पुन्हा उजेडात आला. त्याला आधी शोधून काढणारा आंद्रेयास ऑबेर हा नॉर्वेचा; फ्रीडरिशचा शेजारी चित्रकार डाल याच्यावर काम करताना त्याला तो सापडला. ‘सर्वांत जर्मन’ चित्रकाराचा असा परदेशी पुनर्जन्म. पुढे नाझींनी त्याला ‘नॉर्डिक आत्म्याचा’ चित्रकार करून टाकलं, त्याचा डाग युद्धानंतर बरीच वर्षं राहिला. १९७२ मध्ये लंडनच्या आणि १९७४ मध्ये हॅम्बर्ग व ड्रेस्डेनच्या प्रदर्शनांनी तो पुसत आणला. या संग्रहालयाचं ‘बर्फातलं मठाचं स्मशान’ १९४५ मध्ये बर्लिनमध्ये नष्ट झालं. आता त्याचं फक्त कृष्णधवल छायाचित्र उरलं आहे.

व्यवहाराचं थोडक्यात. सोमवारी बंद. यू-५ या मेट्रो मार्गावरचं म्युझियम्सइन्सेल स्थानक सर्वांत जवळ, एस-बान या लोकल रेल्वेने आल्यास हाकेशर मार्क्ट. अठरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. पाठीवरची पिशवी लॉकरमध्ये जाते. फ्लॅश आणि तिपाई चालत नाही. मोठं खास प्रदर्शन चालू असेल तर वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट काढूनच जावं. फ्रीडरिशची चित्रं बाहेरच्या प्रदर्शनांना जातात, २०२४ मधल्या अडीचशेव्या जयंतीपासून तर जास्तच; म्हणून निघण्याआधी संग्रहालयाच्या ऑनलाइन सूचीत हवं ते चित्र भिंतीवर आहे का ते तपासावं. मठवासी आणि वाट्समान दोन्ही बाहेर असतील तर भेट पुढे ढकलणं शहाणपणाचं.

छापील प्रती घेणार असाल तर मापं मोजून घ्या. मठवाश्याचं प्रमाण १ : १.५६ आहे, ए-२ कागदाचं १ : १.४१. पूर्ण चित्र ए-२ वर छापलं तर वर-खाली दोन-दोन सेंटिमीटर पांढरं राहतं, आणि ते तसंच राहू द्यावं. कागद भरून छापलेल्या प्रतीत दोन्ही बाजूंनी मिळून सहा सेंटिमीटर क्षितिज कापलं जातं, आणि या चित्रात क्षितिजाची लांबी गेली की फार काही उरत नाही. वाट्समान भरून छापला तर उलट होतं, शिखरावर किंवा खालच्या खडकावर कात्री चालते. तयार ४० × ५० सेंमी चौकटीत तो जवळजवळ न कापता बसतो. कागद मॅट घ्यावा. चकचकीत कागदावर मठाच्या चित्राचा खालचा अंधार नुसता आरसा होतो. ‘चंद्र पाहणारे स्त्री-पुरुष’ मूळ मापात मिळालं तर तेच घ्या, त्याच ४० × ५० च्या चौकटीत चारी बाजूंनी बरोबर तीन सेंटिमीटरचा काठ सुटतो.